माठाला लागलेली बाधा

बहात्तर सालच्या मे महिन्यात इतवारीतल्या ताराचंद सेठच्या पेढीपुढे पाय ठेवायला जागा नव्हती. सोनं घ्यायला कुणी आलं नव्हतं. नागपूरच्या भर उन्हात बाया डोक्यावर पदर ओढून उभ्या होत्या, त्या फक्त गळ्यातल्या कवचाची मोहोर असली की नकली, हे सेठकडून भिंगातून बघून घ्यायला.

कवच मोहोरबाबाचं. टिनाची चपटी डबी, तोंड लाखेनं बंद, लाखेवर बाबाच्या अंगठीचा ठसा, आणि ठसा तेवढा उघडा ठेवून भोवती पिवळंधमक कापड शिवलेलं. बाधा जवळ आली की ते कापड आपोआप रक्तासारखं लाल व्हायचं. मी स्वतः पाहिलं होतं आणि खोटं कशाला बोलू, दोन पावलं मागे सरले होते. मुलींच्या शाळेत रसायनशास्त्र शिकवते म्हणून काय झालं? माणसाच्या छातीवर रक्त फुटलेलं बघून माझीही गाळण उडाली.

बाबाची बडबड मात्र ऐकण्यासारखी होती. चौकात भोंगा लावून बसायचा. "नकली मालापासून सावधान, माय! बाजारात भामटे फिरून राहिले! मोहोर पाहा, मंगच बांधा! ताराचंद सेठले दाखवा, सोन्याची पारख करणारा माणूस हाय तो! डबीले मागून बारीक भोकं काहून? मंतराले हवा लागते बाप्पा, तोही जीवच हाय!"

भामटाच लोकांना भामट्यांपासून सावध करत होता! आणि कापड लाल झालं तर हुकूम असा, की बाधा उतरेपर्यंत त्या माणसानं उंबरठा ओलांडायचा नाही, अन् बाबाकडून मोठं कवच आणून बांधायचं. मोठंही लाल झालं तर त्याहून मोठं.

एका दुपारी शेजारची शामला माझ्या दारात येऊन रडायला लागली. "बाई, लवकर चला ना! माही छबी डोळे फिरवून राहिली!"

छबी तिची दीड-दोन वर्षांची पोर. धावतच गेले. खोलीची दारं-खिडक्या गच्च बंद, आत भट्टी. पोर फणफणलेली, घामानं निथळलेली. सकाळपासून जुलाब. ओठ सुकलेले, डोळे खोल गेलेले, पोटाची कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राहत होती. आणि छातीवरचं कवच लालभडक. कवचाला नव्हे, पोरीच्या त्या डोळ्यांना मी भ्याले.

"शामला, रिक्षा बोलाव. आत्ता दवाखान्यात न्यायचं हिला."

दारात तिची सासू, रुखमाबाई, हात आडवे लावून उभी. "कवच लाल हाय, मास्तरीण. उंबरठ्याबाहेर काढली का पोट्टी गेलीच समज. इचा बाप रुपरावही गावाले गेला. तिले काही झालं तर मी पोराले काय तोंड दाखवू?" म्हातारी दुष्ट नव्हती हो. तिचा आवाज कापत होता. नातीवर तिचा जीव होता म्हणूनच ती वाट अडवून उभी होती.

एवढ्यात ताराचंद सेठ आले. त्यांना मुद्दाम बोलावणं धाडलं होतं, मोहोर पुन्हा तपासायला! पोर मरणाच्या दारात आणि सेठ भिंग डोळ्याला लावून वाकलेले. आधी पोरीचं कवच पाहिलं, मग बाबाकडून नुकतंच आणलेलं मोठं, कोरं कवच पाहिलं. "दोन्ही असली हायेत, रुखमाबाई. ठशाची खाच बराबर हाय. शंकाच नोको."

मी चिडून छबीचं कवच बाजूला सारलं. खालची कातडी पोळली होती, आणि फोड नेमके डबीच्या भोकांसमोर उठले होते. मंत्राच्या हवेनं कातडी पोळते होय? पिवळ्याचं लाल, त्यात पोळलेली कातडी... अगं बाई! मुका मार लागला की आपण काय लावतो? हळद आणि चुना! कालवता कालवता लाल होत नाही का तो लेप?

पण सांगून कोण ऐकणार होतं? कोपऱ्यात पाण्याचा माठ पाझरत होता. मी ते मोठं, कोरं कवच उचललं आणि माठाच्या ओल्या पोटाला घट्ट बांधलं.

"हे काय करून राहिली वं?" रुखमाबाई किंचाळली.

"थांबा. पाहा फक्त."

लाल झालं नाही तर? पोर इथंच गेली तर? सगळी गल्ली म्हणेल, मास्तरणीनं कवचाला हात लावला म्हणून मेली. शामला पोरीला उराशी धरून हुंदके देत होती. कापड पिवळंच होतं. देवाला न मानणारी मी, पण त्या घटकेला कुणाला हाक मारावी ते सुचेना.

मग एक लाल ठिपका उमटला. शेजारी दुसरा. बघता बघता कापड लाल झालं आणि माठावरून लाल ओघळ खाली आला.

"रुखमाबाई, माठाले कोणाची बाधा झाली?"

मी वरवंट्यानं डबी फोडली. आतून पांढरा चुना सांडला. "कापड हळदीचं. घाम आला का चुना भिजते, भोकातून कापडाले लागते, अन् लाल होते. जेवढा ताप, तेवढा घाम. जेवढ्या खिडक्या बंद, तेवढं रक्त! मेमधे नागपुरात घाम कोणाले येत नाही?"

"पण बाई, मोहोर तर असली हाय," सेठ पुटपुटले.

"असलीच हाय सेठ! मोहोर फक्त एवढं सांगते का डबी बाबानंच बनवली. आत काय भरलं ते नाही सांगत. तुमच्या भिंगानं चोर कोण ते मात्र पक्कं झालं."

रुखमाबाईनं विळी ओढली आणि छबीच्या गळ्यातला दोरा कापला.

दवाखान्यात सलाईन लागलं. डॉक्टर म्हणाले, संध्याकाळपर्यंत थांबला असता तर मी काही करू शकलो नसतो. छबीनं डोळे उघडून पाणी मागितलं तेव्हा शामला आणि मी दोघी गळ्यात गळा घालून रडलो.

दुसऱ्या दिवशी ताराचंद सेठनी पेढीच्या ओट्यावर माठ मांडून त्याला कवच बांधलं. कापड लाल होईस्तोवर बाबा भोंगा टाकून पसार झाला होता. तरी गर्दीतून प्रश्न आलाच, "म्हणजे ते कवच नकली होतं काय?" कपाळावर हात मारून घ्यावा असं झालं मला. लोकहो, नाव कुणाचं हे पुसता, ठसा खरा का हे पुसता, मग आत काय आहे हे पुसायला कुणी बंदी केली आहे? फोडून बघा. भिजवून बघा. माठाला बांधून बघा. जे खरं आहे ते तपासल्यानं बाटत नाही.

गर्दीत एक बाई तापलेलं पोर कडेवर घेऊन उभी होती. पोराच्या गळ्यात लाल कवच. सगळं पाहूनही तिचा हात त्या दोऱ्याकडे जाईना. "सेठ, माह्यावाली मोहोर एकदा पाहून घ्या ना," ती काकुळतीनं म्हणाली.

रुखमाबाई पुढे झाली. तिनं त्या बाईचा दंड धरला.

"माही नात मरून राहिली होती वं, अन् मी मोहोर पाहून राहिली होती," ती म्हणाली. "तू नोको पाहू. चाल माह्यासंग."

तिनं दोरा तोडला आणि रिक्षाला हात केला.