नऊ बोटांचे अंतर

मित्रांनो, मी एक जुना पृथ्वीगोल आहे. नाव पृथ्वीचे आणि मुक्काम विमानाची तिकिटे विकणाऱ्या दुकानाच्या माळ्यावर, मोडक्या पंख्याशेजारी. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा, तशी माझी गत.

कारखान्यात पुठ्ठ्याच्या दोन वाट्या चिकटवून, वर समुद्र आणि देश चढवून मला घडवले. दुकानात माझे काम एकच होते. तिकीटवाला माझ्या अंगावर एका विमानतळापासून दुसऱ्यापर्यंत बोटाला बोट लावत जाई. एक बोट म्हणजे एक तास. गिऱ्हाईक खूश होई आणि मी फुशारून जाई.

शेजारच्या गाळ्यात एक शिंपीण होती. सगळे तिला मावशी म्हणत. तिचा एकुलता एक मुलगा परदेशी नोकरीला निघाला, तेव्हा गळ्यातली टेप न काढताच ती आली आणि किती लांब म्हणून विचारू लागली. तिकीटवाल्याने मोजले. नऊ बोटे भरली.

"आणि माया किती ठेवलीस?" तिने विचारले.

शिवणीच्या आत जे जास्तीचे कापड ठेवतात, त्याला शिंपी माया म्हणतात. अंग भरले की शिवण उसवून कपडा तेवढा सैल करता येतो.

"विमानाला कसली माया, मावशी? नऊ तास म्हणजे नऊ तास."

तो हसला, मीही मनात हसलो. त्या हसण्याची मला आज लाज वाटते.

मुलगा गेला. मावशी रोज सकाळी येऊन माझ्यावर नऊ बोटे टेकवी. सुईने टोचलेल्या त्या बोटांखाली माझा निळा रंग उडत गेला. मुलगा फोनवर म्हणे, नऊ तासांचे तर अंतर, कधीही येईन. कधीही म्हणता म्हणता सहा वर्षे गेली. त्याच्यासाठी तिने एक सदरा शिवून ठेवला होता, जुन्याच मापाने.

मग ती अंथरुणाला खिळली. फार तर शुक्रवारचा दिवस, असे डॉक्टरांनी मुलाला कळवले. बुधवारचे विमान होते, पण त्याला ऑफिसात काम होते. शुक्रवारी सकाळी निघालो तरी दुपारी तिच्याजवळ असेन, असे त्याने आणि तिकीटवाल्याने फोनवर ठरवले. मापाला तिकीटवाल्याने मलाच घेतले होते. शुक्रवारी धुके पडले आणि विमान चार तास जागचे हलले नाही. तो पोचला, तेव्हा मावशीला स्मशानात नेऊन तास झाला होता.

तिसऱ्या दिवशी तो दुकानात आला. अंगात तोच सदरा होता, पण पोटावर बटणे लागत नव्हती. त्याने माझ्यावर बोटे टेकवली.

"अंतर तर बरोबर होतं," तो म्हणाला.

तिकीटवाल्याने सदऱ्याची शिवण उलटून पाहिली. "दोन बोटं माया ठेवलीय मावशींनी. उसवली की बसेल."

"कोणाकडे देऊ?"

शेजारच्या गाळ्याला कुलूप होते. तिकीटवाल्याने उलटलेली शिवण पुन्हा सरळ केली.

त्याच दिवशी त्याने मला माळ्यावर टाकले. आता संगणक मिनिटासकट वेळ सांगतो. मित्रांनो, मला खाली काढा, पुसा, असे मी म्हणणार नाही. मी त्या लायकीचा उरलो नाही. मी खोटे काहीच सांगितले नव्हते आणि तरी घात केला. कोणी वाट पाहत असेल, तर मापात माया ठेवून निघा. माझ्या समुद्रावर तिच्या बोटांचे पांढरे डाग आहेत. मी ते रोज मोजतो. नऊच भरतात.