पाच कोपींची आंबील

येळवशीला, म्हणजे वेळा अमावस्येच्या सणाला, आमच्या माकणीत घरात कुणी थांबत नाही, सगळा गाव शेतावर. मी पहाटेपासून पालेभाज्या आणि डाळींची भज्जी ढवळत होते आणि एक डोळा नवऱ्यावर ठेवून होते. शिवपुत्र आठ महिने दारूला शिवला नव्हता. पण गेल्या येळवशीला हाच माणूस पूजेआधी बांधावर आडवा पडला होता, आणि पाहुण्यांपुढं मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. यंदा तसं झालं तर पोरीला घेऊन माहेरी जाईन, असं मी त्याला स्पष्ट सांगितलं होतं.

रानात कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून केलेल्या कोपीत पूजा झाली. ताक आणि ज्वारीचं पीठ आंबवून केलेल्या आंबिलीचं मडकं घेऊन तो रानाच्या कडेनं शिंपडायला गेला, तो गेलाच. पंगत उठली, ताटं धुऊन झाली, तरी पत्ता नाही. माझं डोकं फिरलं. पाण्याची कळशी उचलून निघाले.

तुरीच्या आडोशाला सापडला, तोंड उघडं टाकून घोरत होता. वाकून पाहिलं तर आंबूस वास! मी अख्खी कळशी त्याच्या तोंडावर ओतली.

“लाज न्हाय वाटत? सणाच्या दिवशी ढोसली? भरते म्या पिशवी!”

तो कुडकुडत उठला. “अगं, आंबील हाय ती!”

“आंबिलीनं कुणी आडवं पडतंय व्हय?”

“पडतंय की,” मागून शेजारच्या रानातले हणमंतप्पाकाका म्हणाले. “पाच कोपींवर बोलावून पाजली त्याला, तांब्या तांब्या. लई झोप येती तिनं. सूनबाई, गेल्या साली बाटली म्याच दिली हुती. म्हून यंदा गप बसवलं न्हाय.”

मला हसू येईना आणि राग धरवेना. पदरानं त्याचं डोकं पुसू लागले.

“चुकलं माझं. वास आला, म्हणून...”

“घेत जा की वास. रोज रानातनं आलो की पाय धुवायच्या आधी तुझ्याजवळ येऊन का बोलतो, ठाऊक हाय?”

“का?”

“तुला वास घेता यावा म्हणून.”

आणि मी समजत होते, आठ महिने हा वास मी चोरून घेतेय. मला रडूच फुटलं. काकांनी तोंड फिरवलं. मी त्याचा ओला हात धरला आणि सगळ्या शिवाराच्या देखत त्याला जेवायला घेऊन निघाले.