बटाट्याचं पाप

दर गुरुवारी बेडसे गावाच्या वेशीवर ही गर्दी! कुणी लंगडत आलेलं, कुणाला खुर्चीसकट उचलून आणलेलं, सगळे जखमांनी गांजलेले. उकळीबाबा तांब्यातलं 'तीर्थ' जखमेवर ओतायचा आणि उतू जाणाऱ्या दुधासारखा पांढरा फेस फसफसून वर यायचा.

"बघा, पाप उकळलं!" बाबा गरजायचा. मग तेच तीर्थ स्वतःच्या तळहातावर ओतायचा. बुडबुडासुद्धा नाही! "हितं पापच न्हाई, तर उकळंल काय?" लोक लोटांगण घालायचे. काय ती बाबाची नम्रता!

यातले निम्मे लोक पप्पूच्या जीपमधून यायचे. एरवी लोणावळ्यात पर्यटक फिरवणारा हा गडी गुरुवारी कामशेत स्टेशनवर रुग्ण भरायचा आणि वाटभर बाबाची महती गायचा. स्वतःच्या बापालाही, महिपतीआबांना, त्यानंच तिथं नेलं होतं.

आबांना साखरेचा आजार, पायाची जखम चार महिने भरेना. दवाखान्यात डॉक्टरांनी चांदीची पट्टी बांधली. डोळ्यांना दिसणार नाहीत इतके बारीक चांदीचे कण तिच्यात होते. "हे कण हळूहळू जंतू मारतात. तीन दिवस पट्टी सोडायची नाही," असं बजावलंही. पण दुसऱ्याच दिवशी पट्टीची कड काळी दिसली आणि पप्पू धसकला. तान्ह्या पोराच्या मनगटातली चांदीची बिंदली काळी पडली की घरात म्हणत, दृष्ट लागली. मग बापाच्या पायावरची चांदी काळी पडली म्हणजे करणीच की! त्यानं आपल्या हातानं पट्टी सोडली आणि आबांना बाबापुढं बसवलं. घरी रोज ओतायला तीर्थाची बाटलीही आणली. महिनाभर पाप उकळलं. मग आबांना ताप भरला, पाय सुजला आणि दोन बोटं कापावी लागली.

घरी पट्टी बदलायला आरोग्य उपकेंद्रातल्या शहनाज सिस्टर यायच्या. त्यांनी पिशवीतून पुन्हा चांदीचीच पट्टी काढली तसा पप्पू चाचरला, "सिस्टर, ही काळी पडती. करणी..."

"अहो पप्पूभाऊ, चांदी काळी पडणारच! वहिनींची जोडवी नाही पडत?" त्यांची नजर कोनाड्यातल्या बाटलीवर गेली. "हे तीर्थ का? एक बटाटा आणा बघू."

सालीवर थेंब टाकले, काही नाही. कापलेल्या अंगावर टाकले मात्र, बटाटा फसाफस फेसाळला.

"सांगा, ह्या बिचाऱ्यानं कुणाचं वाईट केलं?" सिस्टर म्हणाल्या. "हे हायड्रोजन पेरॉक्साइड. मेडिकलमध्ये मिळतं. रक्तात, उघड्या मांसात, बटाट्यातही असा पदार्थ असतो, की त्यानं ह्यातला प्राणवायू मोकळा होऊन फेस येतो. धड कातडीवर येत नाही, म्हणून बाबा पुण्यवान! आणि रोज ओतलं तर नवं भरणारं मांसच जळतं."

पप्पूला बापाकडं बघवेना.

"माज्या भल्यासाटीच नेलंस, लेका," आबा म्हणाले. थोबाडीत मारली असती तरी बरं वाटलं असतं त्याला.

पुढच्या गुरुवारी पप्पूनं जीप रिकामीच आणली. बाबाच्या मांडवात रतनबाई जखमेचा पाय सोडून बसलेली. तिलाही त्यानंच आणायला सुरुवात केली होती. बाबानं तांब्या उचलला तसा पप्पूनं कापलेला बटाटा पुढं धरला.

"बाबा, आदी ह्याचं पाप काडा."

"देवाची थट्टा? सडशील, मेल्या!"

"मग मीच बघते," म्हणत रतनबाईनं तांब्या ओढला आणि ओतला. बटाटा उकळला! कुणीतरी फिसकन हसलं. बाबा उठून झोपडीकडं सटकला.

शहनाज सिस्टरांनी सांगितलेलं सगळं पप्पूनं लोकांना सांगितलं. मग म्हणाला, "बाबानं नुसतं तीर्थ वतलं. पट्टी मी सोडली. बापाची बोटं माज्या भित्रेपनानं गेली."

"आनि मला रं?" रतनबाई कडाडली. "पाच गुरुवार आनलंस मला. तवा तुजं डोकं कुटं हुतं?"

"गहाण हुतं, मावशी. तुमी नका ठेवू. पट्टी काळी पडली तर डॉक्टरला इचारा, न्हाई कळलं तर पुन्ना इचारा. इचारायला लाजू नका." तिला उचलायला त्यानं तिच्या पायाखाली हात घातला. "चला, दवाखान्यात नेतो."

"हात काड," ती म्हणाली. "तुज्या जीपमदी मी बसनार न्हाई." आणि काठी टेकत, लंगडत, ती एकटीच दवाखान्याच्या रस्त्याला लागली.