ताईला विचारा

सकाळी आठच्या सुमारास जेवणाच्या टेबलावर दोन कामं चालली होती. आई वाटाणे सोलत होती आणि ताई एका प्रसंगाचे शॉट पाडत होती. प्रसंग साधा होता: एक म्हातारा मुलाच्या घरी राहायला येतो आणि आपली बॅग कुठे ठेवायची ते त्याला कळत नाही. धाकट्या भावाने तो चौदा शॉटमध्ये मांडला होता. ताईने तो पाचावर आणला आणि म्हाताऱ्याचा क्लोजअप खोडून टाकला.

"रडताना नाही दाखवणार त्याला?" आईने विचारलं.

"बॅग दाखवते. दारात मध्येच पडलीय आणि सगळे तिला ओलांडून जातायत."

आईने मान हलवली. तिला यातलं कळत होतं. ताईच्या वडिलांच्या अकरा चित्रपटांचं संकलन तिनेच केलं होतं. पडद्यावर मात्र संकलक म्हणूनही वडिलांचंच नाव येई. या घराची ती रीत होती. बायकांनी काम करायचं आणि पुरुषांनी नाव लावायचं. ते कुणाला खटकतही नसे, कारण जेवायला सगळे एकाच टेबलाशी बसत.

ताई वडिलांच्या हाताखाली दहा वर्षं शिकली. आधी क्लॅपची पाटी धरली, मग कुठल्या शॉटमध्ये नटाच्या कुठल्या हातात पेला होता याच्या नोंदी ठेवल्या, मग गर्दीचे प्रसंग स्वतः घेतले. भाऊ सेटवर आला तो शेवटच्या दोन वर्षांत, तेही मन लागलं तर. वडील गेले आणि पुढचा चित्रपट या घराकडेच आला, तेव्हा आईने सांगितलं की निर्मातीबाईंना मुलाचं नाव हवंय. एवढा एक त्याच्या नावावर जाऊ दे, दुसरा तुझा, असा शब्द तिने ताईला दिला.

चित्रपट ताईने केला. मॉनिटरसमोरच्या खुर्चीत भाऊ बसे, ताई मागे उभी राही. कुणी काही विचारायला आलं की भाऊ हसून म्हणे, "ताईला विचारा." हळूहळू सगळं युनिटच तिला ताई म्हणू लागलं. पदाचं नाव दिलं नाही की नात्याचं चिकटतं. चित्रपटाला पारितोषिक मिळालं, ते घ्यायला भाऊ गेला. ताईने त्याचं भाषण लिहून दिलं होतं.

आता दुसऱ्या चित्रपटाचं शूटिंग चार दिवसांवर आलं तरी नावाचा विषय कुणी काढत नव्हतं. त्या दुपारी ताई स्वतःच निर्मातीबाईंच्या ऑफिसात गेली.

बाई गोंधळल्या. म्हणाल्या, मी तर दोन्ही वेळा घरी पत्र पाठवून तुम्हालाच विचारलं होतं, तुम्हीच नको म्हणालात. त्यांनी फाईल काढून दोन पत्रं समोर ठेवली. एक तीन वर्षांपूर्वीचं, एक दोन महिन्यांपूर्वीचं. घरच्या जबाबदाऱ्यांमुळे मला दिग्दर्शन जमणार नाही, ते माझ्या भावाकडे द्यावं, अशी विनंती होती. खाली ताईची सही होती.

सही तिने केलेली नव्हती. अक्षर ओळखायला वेळ लागला नाही. लहानपणी ती आजारी पडली की शाळेत रजेचा अर्ज याच अक्षरात जाई.

ताईने हे सांगितलं तेव्हा बाई बराच वेळ फाईलची दोरी बोटाला गुंडाळत बसल्या. मग म्हणाल्या की करार झालाय, जाहिराती छापायला गेल्यात, या वेळी सांभाळून घ्या.

घरी भाऊ सोफ्यावर पडला होता. पत्रं पोचवली कुणी, असं ताईने विचारलं. मी, तो म्हणाला. आत काय आहे ते माहीत होतं का, तर होतं.

"मग मला विचारलं का नाहीस?"

"विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस," भाऊ म्हणाला.

आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. तिने काही नाकारलं नाही.

"तू कुठेही गेलीस तरी पोट भरशील. तुझ्या हातात काम आहे. त्याच्या हातात काय आहे, सांग ना. नाव नसेल तर त्याला दारात तरी कोण उभं करेल?"

"म्हणून माझं काढून दिलंस?"

"माझं नाही गेलं? अकरा वेळा गेलं. मेले का मी?"

"तुझं बाबांनी घेतलं, आई. माझं तू घेतलंस."

आई ओट्याकडे गेली आणि पुसलेला ओटा पुन्हा पुसू लागली.

शूटिंगच्या पहिल्या दिवशी ताई वेळेवर सेटवर आली. राग निवला असं समजून भावाने तिच्यासाठी चहा मागवला. पण ती मॉनिटरमागे गेली नाही. भिंतीकडेच्या खुर्चीत, मांडीवर वही मिटून बसली. कॅमेरामन सवयीने तिच्याकडे आला. कॅमेरा कुठे लावू?

"दिग्दर्शकांना विचारा," ती म्हणाली.

भावाने कॅमेरा दाराशी लावायला सांगितला, मग खिडकीशी, मग पुन्हा दाराशी. म्हाताऱ्याचं काम करणाऱ्या ज्येष्ठ नटाने विचारलं, आत येऊन थांबू की चालत राहू? तुम्हाला वाटेल तसं करा, भाऊ म्हणाला.

"मला पुष्कळ वाटतं हो," नट म्हणाला. "तुम्हाला काय वाटतं?"

दुपारी भाऊ तिच्या खुर्चीजवळ उकिडवा बसला. "ताई, पन्नास माणसं बघतायत गं."

"मागच्या वेळीही बघत होती," ती म्हणाली.

संध्याकाळी पाचला पॅकअप झालं. प्रॉडक्शन मॅनेजर दिवसाचा रिपोर्ट भरायला बसला. एकही शॉट झाला नव्हता आणि कारणाचा रकाना भरायचा होता. जनरेटर लिहा, भाऊ म्हणाला. मॅनेजरने तसं लिहायला घेतलं. ताईने त्याच्या हातातून पेन घेतलं, तो शब्द खोडला आणि लिहिलं: मागचा चित्रपट मी दिग्दर्शित केला. हाही मीच करत होते. माझं नाव लागेपर्यंत काम बंद. खाली तिने आपलं पूर्ण नाव लिहून सही केली.

मग पेन कॅमेरामनपुढे धरलं. खरं असेल तर तुम्हीही करा, ती म्हणाली.

त्याने ओळी दोनदा वाचल्या. "ताई, मला या लाइनीत राहायचंय हो," तो हळूच म्हणाला आणि पेन साउंडवाल्याकडे दिलं. साउंडवाल्याने ते कला दिग्दर्शकाकडे दिलं. ज्येष्ठ नट चष्मा शोधू लागला. ताई पेन परत येईपर्यंत थांबली नाही. वही काखेत मारून ती दाराबाहेर पडली.

रिपोर्टवर तिच्या सहीखाली सह्यांसाठी सहा ओळी होत्या. त्या दिवशी सेटवर पन्नास माणसं होती आणि त्यांतल्या प्रत्येकाला खरं काय ते माहीत होतं. त्या सहा ओळी अजून कोऱ्या आहेत.