हात लावू नका

सकाळी सव्वादहा वाजता माझ्या अंगात पहिला खिळा घुसला, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मी ओढ्याकाठचा म्हातारा वाळुंज बोलतोय. खोड आतून पोकळ, पण डोक्यावर दरसाल नवे फोक फुटायचे, बोटाएवढे जाड, वाकवावे तसे वाकणारे. थंडी सरताना टोपलीवाली यायची आणि कोयत्याने सगळे उतरवून न्यायची. तिच्या आधी तिची सासू यायची, सासूच्या आधी तिची सासू. डोकं असं हलकं होत गेलं, म्हणून तर मी एवढा जगलो.

टोपलीवालीचं बाळ माझ्याच फोकांच्या टोपलीत, माझ्याच सावलीत निजायचं. मुंगी तर चढली नाही ना, म्हणून ती दहादा वाकून बघायची. सासू करवादायची, "अगं, पोर काय साखरेची आहे?"

मग रस्ता रुंद करायचं निघालं. माझ्यावर तोडायची खूण झाली. टोपलीवाली बाळाला मांडीवर घेऊन माझ्या बुडाशी बसली, ती उठेचना. शेवटी मोठे साहेब आले. "साहेब, एवढं वाचवा. आमचं पोट आहे यावर."

साहेब भला माणूस. त्यांनी रस्ता वळवला, मला लोखंडी कुंपण घातलं आणि माझ्या खोडावर पाटी ठोकली: 'हा आपला वारसा आहे. हात लावू नका.' टाळ्या वाजवणाऱ्यांत टोपलीवालीही होती.

थंडी सरली. ती कोयता घेऊन आली, तर रखवालदाराने शिट्टी फुंकली.

"अहो दादा, मीच वाचवलं याला!"

"वाचवलंत ना? मग तोडता कशाला, ताई?"

"तोडत नाही हो. केस कापल्याने कुणी मरतं का?"

"पाटी वाचा."

साहेब पाहणीला आले तेव्हा तिने पुन्हा गाऱ्हाणं घातलं. ते म्हणाले, "जुनं आहे तसंच राहू दे." मी कधी तसाच होतो? दरसाल बोडका, दरसाल हिरवा.

कुंपणाबाहेरून सासूने सुनावलं, "गेली होतीस ना वाचवायला! आता विण त्या पाटीच्या टोपल्या." पुढे सासूसुना बाजारातून प्लास्टिकच्या पट्ट्या घेऊन जाताना दिसायच्या. माझ्याकडे बघायच्या नाहीत.

काही वर्षांत फोक मांडीएवढे झाले. लोक फोटो काढत, "काय डौल आहे!" म्हणत. इकडे माझी कंबर मोडत होती. परवाच्या वाऱ्यात मी उभा चिरलो आणि अर्धा कोसळलो, बाळाची टोपली असायची नेमका तिथेच. ती जागा कुंपणात होती म्हणून कुणाचं पोर खाली सापडलं नाही. एवढं श्रेय पाटीला द्यायलाच हवं.

आता मी धोकादायक ठरलोय. उद्या करवत येणार आहे, साहेबांच्याच सहीने.

तुमच्यापैकी कुणाला टोपलीवाली भेटली, तर माझा निरोप सांगा. म्हणावं, उरलेल्या अर्ध्यावर थोडे कोवळे फोक आहेत. आजच ने आणि ओढ्याच्या ओल्या मातीत खोच. पटकन रुजतात. तो मी नसेन, चालेल. वाढला की कोयता लाव, भिऊ नकोस. आणि त्याला वाचवायला कुणी आलंच, तर आधी त्याच्या हातात कोयता दे.