मीटरवर टांगलेली हॅट

ओरिन हाल्डर्सनला ऐकू येईनासं झालंय, हे बिगहॉर्न डोंगरांच्या पायथ्याशी राहणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त ओरिनला. त्याच्या तोंडी लागायची कुणाची छाती नव्हती. "इंजिन मी कानाने चालवतो," असं तो अजून चारचौघांत सांगायचा आणि चारचौघे इमानेइतबारे माना डोलवायचे.

त्याचा जावई गॅरेट हा शेरिडन गावातल्या बुटांच्या दुकानदाराचा मुलगा. जोलीनशी लग्न करून तो रँचवर आला त्या दिवसापासून सासऱ्याने त्याला नावाने अशी हाक मारलीच नाही. तो 'बूटवाला'. बर्फात कुंपणं ठोकायला बूटवाला चालायचा, अडलेल्या गाईच्या पोटात कोपरापर्यंत हात घालायला चालायचा. गुरांनी भरलेला ट्रेलर घाटातून वर न्यायला मात्र चालायचा नाही. यंदा म्हाताऱ्याने जाहीर केलं होतं, "उन्हाळी कुरणावर गुरं न्यायची ही माझी शेवटची वेळ. पुढे रँच कोण बघणार, ते वर पोचल्यावर सगळ्यांसमोर सांगतो." दावेदार दोनच होते, गॅरेट आणि ओरिनचा पुतण्या ड्यूई. ड्यूईचं कर्तृत्व एवढंच की तो या रँचवर जन्माला आला होता.

नाही म्हणायला त्याने काकाच्या डिझेल पिकअपला ताकद वाढवणारी एक डबी बसवून दिली होती. इंजिनात जास्त डिझेल, चढावर जास्त जोर. म्हातारा खूश झाला. पण जास्त डिझेल म्हणजे आत जास्त आग, आणि ती किती भडकलीय हे सांगणारं काहीच त्या गाडीत नव्हतं. गॅरेटला ते चैन पडू देईना. त्याने मीटर मागवली. आकडे दाखवणारं झगमगीत मीटर त्याने मुद्दाम टाळलं. चष्म्याशिवाय आकडे वाचणं सासऱ्याच्या बापाला जमलं नसतं. त्याने काट्याची घेतली: इंजिनात हवा कोंबणाऱ्या टर्बोच्या दाबाचं, गिअरबॉक्सच्या तेलाचं आणि सगळ्यात मोलाचं, जळक्या धुराच्या उष्णतेचं. तिन्ही त्याने पुढच्या काचेशेजारच्या खांबावर, चालवणाऱ्याच्या अगदी नजरेसमोर बसवली.

उष्णता मोजणारी कांडी टर्बोच्या पुढे, नळीतही बसते. सोपं काम. पण तिथे धूर निवलेला असतो, आणि तसं मोजणं म्हणजे शर्टावरून थर्मामीटर लावून ताप बघण्यातला प्रकार. म्हणून गॅरेटने टर्बोच्या अलीकडच्या बिडाच्या जाड नळीला भोक पाडलं. लोखंडाची एक कणी आत गेली तर टर्बोची पाती खलास. त्याने ड्रिलला ग्रीस फासलं, दर वळशाला पुसलं, शेवटचा टप्पा इंजिन चालू ठेवून केला, म्हणजे आतला धूरच कीस बाहेर फेकतो. आटे पाडून झाल्यावर लोहचुंबक फिरवला.

तेवढ्यात ओरिन कॉफीचा मग घेऊन आला.

"हे काय चाललंय?"

"उष्णतेची कांडी बसवतोय. ड्यूईच्या डबीमुळे आत फार तापतं."

"धडधाकट इंजिनाला भोक पाडलंस?" म्हातारा हसत सुटला. "आता यात काय, बुटाची नाडी ओवणार का?"

स्वयंपाकघराच्या दारातून जोलीनही हसली. "डॅडना आधी विचारायचं तरी होतंस," ती म्हणाली.

जूनमध्ये शेजारीपाजारी आपापले ट्रेलर घेऊन मदतीला आले आणि गुरं निघाली. सगळ्यांत पुढे ओरिन, त्याच्या शेजारी गॅरेट. घाट चढायला लागल्यावर ओरिनने पाय दाबला तो दाबलाच. उष्णतेचा काटा अकराशे अंशांवर गेला, मग साडेबाराशेची लाल खूण ओलांडून चौदाशेकडे सरकला.

"ओरिन, पाय काढा. खालच्या गिअरवर घ्या."

"काय?"

"पाय काढा! काटा लालच्या वर गेलाय!"

ओरिनने डोक्यावरची हॅट काढली आणि मीटरवर टांगली. "घे. गेला तुझा काटा. आता कानाने ऐक, कसं लोण्यासारखं चाललंय!"

इंजिन तेव्हा ठोके देत होतं. गॅरेटला प्रत्येक ठोका ऐकू येत होता. किल्ली फिरवून बंद करावं असं त्याला वाटलं. पण तसं केलं असतं तर म्हातारा म्हणाला असता, बूटवाल्याने भर घाटात गाडी बंद पाडली. त्या एका भीतीने त्याने हात मांडीवरच ठेवला. दोन वळणांनंतर धाडकन आवाज आला आणि मागे पांढऱ्या धुराचा लोट उठला.

ड्यूईने आपल्या गाडीने त्यांना ओढत वर नेलं. कुरणावर पिकअपच्या मागच्या फळ्या खाली पाडून त्यांवर भाजलेलं बीफ आणि बीन्स मांडले होते. ओरिनने ताट घेतलं आणि गोष्ट सुरू केली. "उभ्या जन्मात या घाटात एक इंजिन मेलं नाही माझ्या हातून. बूटवाल्याने भोक पाडलं, झाला कारभार! कणी गेली आत."

सगळे हसले. शेजारच्या रँचची इंग्रिड म्हणाली, "खरं का रे, गॅरेट?"

गॅरेट ताटाकडे बघत, आवाज न चढवता बोलला. "नाही. म्हातारा बहिरा झालाय. इंजिन बोंबलत होतं, त्याला ऐकू आलं नाही. काटा ओरडत होता, त्यावर त्याने हॅट टांगली. तुम्हा सगळ्यांना माहीत आहे आणि सगळे मूग गिळून बसलाय."

खाणारे हात थांबले. ओरिनला जावयाचे ओठ हललेले दिसले, शब्द पोचले नाहीत. मग त्याने नेहमीचं केलं. न ऐकलेल्या विनोदाला तो सगळ्यांच्या आधी हसला आणि गॅरेटच्या पाठीवर थाप मारली. "बघा, कबूल करतोय! कबूल करायला छाती लागते!"

कुणीच हसलं नाही. म्हाताऱ्याचं हसू एकटंच उरलं, अडखळलं, आणि तो एकेकाचं तोंड न्याहाळू लागला. त्याचा चेहरा घाबरलेला होता.

तेव्हा जोलीन हसली. मोठ्याने, बापाकडे बघून. मग इंग्रिड हसली, मग ड्यूई, मग सगळेच. ओरिनचा जीव भांड्यात पडला. त्याने डोळे पुसले आणि हातातला जेवणाचा काटा वर करून तो म्हणाला, "ड्यूई, पुढच्या वर्षीपासून सगळं तू बघायचंस."

जोलीन गॅरेटजवळ आली आणि तिने त्याच्या ताटात बीफचा आणखी एक तुकडा वाढला.

"हस ना रे," ती हळूच म्हणाली. "डॅड बघतायत."

गॅरेट हसला.