रामलालची बटणं

घशाच्या ऑपरेशननंतर रामलालचा आवाज गेला. महागावजवळच्या बंजारा तांड्यात त्याच्याइतका बोलका माणूस नव्हता. ऑपरेशनच्या आधी त्याची लेक बबिता हिनं त्याचे रोजचे शब्द फोनवर भरून घेतले होते. ती पुण्याच्या एका कंपनीसाठी घरूनच कर्नलचं, म्हणजे कॉम्प्युटरच्या अगदी आतल्या गाभ्याचं, प्रोग्रामिंग करायची. एका छोट्या कॉम्प्युटरला तिनं बटणांची पाटी जोडली. बटण दाबलं की बापाच्या आवाजात शब्द यायचा.

रामलालनं 'गंगी' दाबलं, पाठोपाठ 'चहा' दाबलं, आणि पाटी मुकी झाली. त्यानं ती खाटेखाली सरकवली आणि बायकोला, गंगीला, बोलवायला टाळी वाजवली.

"बा, जरा दमानं दाबा ना," बबिता म्हणाली.

"ते कधी दमानं बोलले का?" गंगी म्हणाली.

बबिताला ते पटलं. तिनं ड्रायव्हरचा, म्हणजे पाटी आणि कॉम्प्युटर यांना जोडणाऱ्या प्रोग्रामचा, कोड उघडला. बटण दाबलं की कर्नल हातचं काम सोडून धावतो. तिथं कोणतं बटण दाबलं एवढंच टिपून परतायचं असतं. तिनं मात्र आवाजाची फाइल वाचणं, वाजवणं, सारं तिथंच कोंबलं होतं, म्हणून दुसरं बटण दाबताच सारं अडकत होतं. ते लांबचं काम तिनं वर्कक्यूवर टाकलं, म्हणजे पाठीमागच्या रांगेत. कर्नल ते सवडीनं उरकणार होता.

संध्याकाळी रामलालनं पुन्हा दोन बटणं दाबली. रांगेतली दोन्ही कामं एकदमच सुटली आणि दोन रामलाल एकमेकांवर ओरडले. गंगी पदर तोंडाला लावून हसू लागली. ऑपरेशननंतर ती पहिल्यांदाच हसत होती. रामलालही खांदे हलवत हसला आणि त्यानं मुद्दाम पुन्हा दाबलं.

"पुरे, बा! एकामागून एकच काम निघंल असं करून राह्यली मी."

तिनं तसं केलं. रामलालची बोटं भराभर चालली.

"गंगी. चहा. तू बी घे. बस इथं."

शब्द ओळीनं आले, त्याच खरखरीत आवाजात. चुलीपाशी गंगी थबकली.

"याडी, शेवटचे दोन मी नव्हते सांगितले," बबिता हळूच आईला म्हणाली. "बानं आपल्या मनानं भरले."

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण रामलाल तिला असं कधी म्हणाला नव्हता. गंगी दोन कप घेऊन आली, खाटेवर टेकली. तो पुन्हा बटणाकडे वळला, तशी तिनं त्याचा हात धरला.

"आता मले बी बोलू द्या ना जरा."

रामलालनं पाटी बाजूला ठेवली आणि चहा निवेपर्यंत तिचं ऐकत राहिला.